बाजार आधी उघडायला हवा होता

कोरोनाचा लॉकडाऊन कधी उठवायला हवा होता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. २०१७ ते २०२२ मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावची सरपंच होते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. पुण्यात शिकणारा भाचा विचारतो, प्रकल्पासाठी आलेली कॉलेजची मुलं विचारतात, लग्नात शेजारी बसलेले पाहुणेही विचारतात. "ताई, लॉकडाऊन लवकर उठवायला पाहिजे होता की आणखी ठेवायला पाहिजे होता? तुम्ही कोणत्या बाजूच्या?"

टीव्हीवर तेव्हा दोनच बाजू होत्या, जीव वाचवा म्हणणारे आणि पोट वाचवा म्हणणारे. माझं भांडण तारखेशी कधीच नव्हतं. काय आधी उघडलं आणि काय मागे ठेवलं, याच्याशी होतं, आणि आजही आहे.

३१ मे २०२० ला मुख्यमंत्र्यांनी "पुनश्च हरिओम" म्हटलं आणि टप्प्याटप्प्याने निर्बंध सैल व्हायला लागले. प्रत्येक आदेश आमचे ग्रामसेवक मोबाईलवर उघडून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वाचून दाखवायचे. आम्ही एकच गोष्ट शोधत असायचो. दारूची दुकानं मे महिन्यातच उघडली होती. ५ ऑगस्टला मॉल उघडले. ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने हॉटेलं आणि बार उघडले. आठवडी बाजाराला परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबरला. जनावरांचा बाजार त्यातच आला.

मॉल बंदिस्त असतो, आतली हवा यंत्रावर फिरत असते. बारमध्ये माणूस मास्क काढूनच बसतो. आमचा बाजार आभाळाखाली भरतो. चार बांबू, वर फाटकं पाल, खाली पोतं. हा रोग बंद खोलीतल्या हवेत जास्त पसरतो आणि मोकळ्या जागेत धोका बराच कमी असतो, हे पुढे सगळ्यांनीच मान्य केलं. मग ज्याला छप्परच नाही ते शेवटी का उघडलं? मला सापडलेलं कारण एवढंच, की मॉलवाल्यांची संघटना असते, हॉटेलवाल्यांची असते, ते मंत्रालयात निवेदन घेऊन जातात. सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी विकणाऱ्या बाईची संघटना नसते.

शहरातल्या माणसाला वाटतं, बाजार म्हणजे भाजी. भाजी नसली तर नसली, वरण-भात खा. म्हणून बाजारावर काय काय उभं असतं ते जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे शेतमजुरीचा हिशोब आठवड्याचा असतो. निंदण, वेचणी, फवारणी, काम कोणतंही असो, पैसे मिळतात बाजाराच्या दिवशी. आमचा बाजार मंगळवारी. त्या दिवशी दुपारपर्यंत काम, मग शेतमालक चुकारा करतो, बायका पिशव्या घेऊन निघतात आणि आठवड्याचं तेल, मिरची, साखर, डाळ एकदमच येते. बचत गटाचा हप्ताही त्याच दिवशी भरला जातो. बाजार बंद झाला तसा चुकाऱ्याचा दिवसच राहिला नाही. मालक म्हणे, "पुढच्या हप्त्यात पाहू." मालकही खोटं बोलत नव्हता, त्याचा कापूस घरात पडून होता. सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी मार्चमध्ये थांबली, पुन्हा सुरू झाली तर नोंदणी, टोकन, दिवसाला मोजक्याच गाड्या. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ५,५५० रुपये होता, पण तो मिळवायला केंद्राच्या फाटकातून आत जाता आलं पाहिजे ना. ज्याला पेरणीसाठी पैसा हवा होता त्याने दारावर आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात कापूस दिला. मजुराला हातात पैसा मिळेना, तेव्हा गावातल्या किराणा दुकानाची उधारी वाढली. उधार घेणारा भाव करत नाही. ज्या बाईने मंगळवारी चार पालं फिरून, हुज्जत घालून स्वस्तातलं तेल आणलं असतं, ती दुकानदार लिहील तो आकडा मान्य करून घरी यायची. बाजार बंद ठेवल्याने गर्दी टळली, हे खरं आहे. पण त्या टळलेल्या गर्दीची किंमत कोणाच्या वहीत चढली, हे मी रोज बघत होते.

बकऱ्यांचं तर आणखी वेगळं. आमच्या गावात एक आजी आहे, दोन एकर कोरडवाहू आणि सात-आठ बकऱ्या. बँकेचं खातं तिचं आहे, पण तिची खरी ठेव म्हणजे बोकड. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, त्याआधी बियाण्यासाठी एखादा विकायचा. एखादा बकरी ईदसाठी राखायचा, तेव्हा भाव चढतो. २०२० मध्ये ईद १ ऑगस्टला होती. जुलैत सरकारचं मार्गदर्शन आलं की जनावरांचे बाजार बंद राहतील, नागरिकांनी जनावरं ऑनलाइन किंवा फोनवरून घ्यावीत. मी आजीला ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "माय, फोनवर बोकड इकाचा कसा? त्याले हात लावल्याबिगर कोन भाव देईन?"

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बाजारात गिऱ्हाईक बोकड दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज घेतं. पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवून मांस चाचपतं. जबडा उघडून दात बघतं, दोन दाती की चार दाती. मग बाजूला चार गिऱ्हाइकं उभी असतात, म्हणून भाव वर जातो. तिच्या दारात एकच व्यापारी आला, मोटारसायकलवर. भाव त्याने सांगितला आणि तोच झाला. त्या वर्षी बैल घेणाऱ्यांचीही तीच गत. बैलबाजार भरला नाही, आणि पेरणी कोणासाठी थांबत नाही.

शेतीला सूट नव्हती का? होती, आणि लवकर होती. २७ मार्च २०२० लाच केंद्राने शेतीची कामं, शेतमजूर, खरेदी यांना लॉकडाऊनमधून वगळलं. कागद चांगला होता. पण बियाणं तालुक्याला, आणि तालुक्याला न्यायला एसटी नाही. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एसटी २२ मेपासून सुरू झाली असं पेपरात आलं, आमची मुक्कामी, म्हणजे रात्री गावात थांबणारी, गाडी मात्र कितीतरी महिने आली नाही. ज्याच्याकडे मोटारसायकल होती त्याच्यासाठी सूट होती. मुंबई-पुण्यात जी चर्चा चालायची तिच्यात लोकल कधी सुरू होणार हा मोठा मुद्दा असायचा, आणि तो रास्तच होता. आमच्या मुक्कामी गाडीबद्दल मात्र मी कोणाच्या तोंडून एक वाक्य ऐकलं नाही.

जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, आम्ही जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर चुन्याची फक्की मारून चौकोन आखले. एका चौकोनात एक विकणारा, दोन चौकोनांच्या मध्ये चांगली दोन-तीन पावलं जागा. विकणारे फक्त गावचे आणि शिवारालगतचे. पोलीस पाटील आणि कोतवाल दोन टोकांना उभे, आशाताई हातावर पाणी घालायला. वेळ दुपारनंतरची, म्हणजे मजूर शेतातून आल्यावर. माणसं रांगेत आली, बोलून-चालून घरी गेली. किराणा दुकानासमोर रोज संध्याकाळी जी दाटी व्हायची तिच्यापेक्षा हे शंभर पटीने बरं होतं. दुसऱ्या मंगळवारच्या आधी तालुक्याहून फोन आला. आदेशात आठवडी बाजार नाही, बंद करा. मी म्हटलं, साहेब, एकदा येऊन बघा तरी. ते म्हणाले, "मॅडम, मला अधिकारच नाही." तेही खरं होतं. त्यांनाही वरून आलेला कागदच पाळायचा होता.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून बोलले तर उत्तर अर्धवट राहील.

दुसरी लाट अगदी सुरुवातीला जाणवली ती आमच्याच पट्ट्यात. अमरावती आणि अचलपूर शहरांत २२ फेब्रुवारी २०२१ पासून पुन्हा लॉकडाऊन लागला, तेव्हा राज्यातल्या बऱ्याच भागांना वाटत होतं की रोग गेला. आमच्याकडेही निर्बंध आले आणि बाजार बंद झाला. या वेळी मी एका शब्दाने विरोध केला नाही. एप्रिलमध्ये गावात घराघरांत ताप होता, यवतमाळला खाट मिळत नव्हती, ऑक्सिजनसाठी माणसं या गाडीतून त्या गाडीत हलवली जात होती. तेव्हा बंदच हवं होतं. "आजार-बिजार काही नाही, सगळं उघडा" म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला कोणी बसवू नये.

पण त्या बंदमध्येही तेच. २० एप्रिलच्या आदेशाने किराणा सकाळी ७ ते ११ उघडा. विदर्भातल्या उन्हाळ्यात मजूर सकाळी सहाला शेतात जातो आणि ऊन डोक्यावर आलं की परततो. बाराला तो गावात येतो तेव्हा दुकानाचं शटर खाली. म्हणून घरातलं कोणीतरी काम बुडवून थांबायचं, आणि अकराच्या आधीच्या अर्ध्या तासात सगळं गाव दुकानाच्या पायरीवर. गर्दी टाळण्यासाठी ठरवलेल्या वेळेने गर्दी केली. हेच चार तास संध्याकाळचे दिले असते तर रोगाचं काही बिघडलं नसतं.

७ जून २०२१ पासून पाच स्तर आले. रुग्ण सापडण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, आणि तिथून पाचपर्यंत चढत जायचं. ही पद्धत मला मनापासून पटली. कोण किती ओरडतो यावर न ठरवता आकड्यावर ठरवणं, हे आधीच्या वर्षापेक्षा कितीतरी चांगलं. अडचण होती ती मापाची. मोठ्या शहरांना वेगळं धरलं होतं, बाकी सगळा जिल्हा एक. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके. उमरखेडला रुग्ण वाढले तर वणीचं दुकान बंद, आणि दोघांच्या मधली गावं कोणाच्या खिजगणतीत नाहीत. आमच्या आशाताईला मात्र कोणत्या घरात कोणाला ताप आहे, कोणाचा ऑक्सिजन किती, कोण नागपूरहून रात्री गुपचूप आलं, हे सगळं ठाऊक होतं. तिचं रजिस्टर जिल्ह्याच्या टक्केवारीपेक्षा खरं होतं, कारण तपासणीला जायला लोक घाबरत होते, पण आशाताई दारात आली की खरं सांगत होते.

त्याच वर्षी जुलैत शिक्षण विभागाने एक शहाणपणाची गोष्ट केली. ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही, तिथे आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायचे, आणि ते ठरवायचं सरपंचाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने, ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन. त्या बैठकीला आलेल्या आया मी विसरणार नाही. मोबाईल नसलेल्या, एका मोबाईलवर तीन मुलं असलेल्या, मुलगी शाळेत नाही म्हणून तिचं लग्न उरकायच्या गोष्टी घरात सुरू झालेल्या. आम्ही वर्ग सुरू केले, आणि नंतर शेजारच्या वस्तीत ताप दिसला तेव्हा स्वतःहून थांबवलेही. वरून कोणी सांगायची वाट बघावी लागली नाही. हाच अधिकार वर्षभर आधी बाजारासाठी मिळाला असता, तर फक्कीचे चौकोन पुसावे लागले नसते.

यावर मला हटकून एक प्रतिप्रश्न येतो: गावावर सोडलं तर सरपंच दबावाला बळी पडणार नाही का? पडू शकतो. मतं देणारी माणसं समोर उभी असतात, भावकी असते. २०२१ च्या एप्रिलमध्ये गावातल्या एका मोठ्या घरचं लग्न ठरलेलं होतं. मांडव मोठा, हळदीला दोनशे माणसांची तयारी, आचारी सांगून झालेला. आमच्या गावात रोग पसरला तो मला दिसला तसा लग्नाच्या घरांतून आणि तेरव्यांमधून, जिथे माणसं एका खोलीत मांडीला मांडी लावून तासन्‌तास बसतात. मी गेले तर यजमान म्हणाले, "काऊन वो ताई, आमच्याच घरी काऊन कायदा?" मी आदेशाचा कागद पुढे केला. २५ माणसं, दोन तास, मोडलं तर ५०,००० रुपये दंड. हातात तो कागद नसता तर मी त्या ओसरीवरून काही बोलू शकले नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. लग्न किती माणसांत करायचं, हे मुंबईने ठरवलं ते बरंच केलं. मैदानातल्या भाजीचं मात्र आम्हाला विचारायला हवं होतं.