खिडकी माझी, परवानगी कौन्सिलची

लंडनमध्ये स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फ्लॅटची खिडकी बदलायची तर कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची परवानगी लागते, आणि नुसता फॉर्म भरून भागत नाही, खिडकीच्या लाकडाचा छेद १:५ स्केलला काढून द्यायचा. बिल्डिंग व्हिक्टोरियन, एरिया कॉन्झर्व्हेशनचा, म्हणजे जुनं रूप जपायचा, त्यात फ्लॅट, म्हणजे सगळीकडून अडकलो. थंडी आत येते म्हणून डबल ग्लेझिंगवाली, म्हणजे दुहेरी काचेची, यूपीव्हीसी प्लॅस्टिकची खिडकी बसवायची होती, बाकी काही नाही हो!

कौन्सिलच्या बाईंचं सगळं लक्ष हॉर्नवर. सॅश विंडो म्हणजे आपल्या लोकलच्या शटरसारखी वर-खाली सरकणारी, फक्त पल्ले दोन. वरच्या पल्ल्याची दोन्ही बाजूंची उभी लाकडं खालच्या कोपऱ्यात बोटभर खाली वाढलेली असतात, गोलाई देऊन कापलेली, ते हॉर्न. मला वाटलं नक्षी असेल, तर नाही. आधीच्या जॉर्जियन खिडक्यांना बारक्या काचा आणि मधे पट्ट्यांचं जाळं. १८४५ साली काचेवरचा कर उठला, मोठ्या काचा स्वस्त झाल्या, पट्ट्या गेल्या आणि जड काचेचा सगळा भार कोपऱ्यातल्या सांध्यावर आला, म्हणून लाकूड खाली वाढवून सांधा पक्का केला. म्हणजे हॉर्नवरून खिडकीचा काळ ठरतो, आणि प्लॅस्टिकच्या खिडकीला वरून चिकटवलेला हॉर्न या लोकांना फुटपाथवरून ओळखू येतो. धन्य आहे.

मग लाकडीच करायची ठरवली. खिडकी बघायला जॉइनर आला, म्हणजे दारं-खिडक्या करणारा सुतार. त्याने आतली स्टाफ बीड, म्हणजे पल्ला धरून ठेवणारी लाकडी पट्टी, पटाशीने हळूच उचकटली, खालचा पल्ला काढला, मग दोन पल्ल्यांमधली पट्टी, म्हणजे पार्टिंग बीड, मग वरचा पल्ला. चौकटीतली एक छोटी फळी सरकवली तर आत पोकळ, आणि दोरीला लटकलेली ओतीव लोखंडाची वजनं, बरोब्बर पल्ल्याला तोलणारी. शंभरावर वर्षं हे नुसत्या दोरी-कप्पीवर चाललंय, मानलं. नवीन दुहेरी काच जड, म्हणून तो आता शिशाची वजनं घालणार.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच की बघा ते कसं जपतात आणि आपण वाड्यांची दारं विकतो. विकली, आम्हीपण विकली. वाईच्या घराची सागवानी चौकट गणेशपट्टीसकट डीलरने नेली. पण सहा वाटेकरी, वाळवी, पावसाळ्यात फुगून न लागणारं दार, आणि मदत कुणाची एका रुपयाची नाही, करायचं काय? इथेही मदत नाहीच म्हणा, नियम त्यांचा आणि खर्च माझा, पण पगार पौंडात असला की वारसा जपायला जरा सोपं जातं.

अर्ज टाकलाय, ८ आठवड्यांची मुदत असते. ड्रॉइंग काढणारा वेगळा, त्याची फी वेगळी. तोवर फटीत वर्तमानपत्र कोंबलंय, त्याला परवानगी लागत नाही बहुतेक.