चार सह्या कमी पडल्या

दारूबंदीचं मतदान म्हटलं की सगळ्यांना उभी बाटली-आडवी बाटली आठवते, पण त्याआधी सह्यांची पडताळणी असते आणि ते काम आमच्याकडे. 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी निवेदन द्यायचं, आम्ही एकेकीला बोलवून विचारायचं की बाई ही सही तुमचीच का, तेवढ्या सह्या खऱ्या भरल्या तर मग मतदान, आणि तिथेही एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद, म्हणजे जी आलीच नाही ती आपोआप दुकानाच्या बाजूने. मतदान गुप्त आणि सही मात्र उघड्यावर, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

तर गावात महिला मतदार 612, पाहिजेत 153, सह्या 171. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं. टेबल आत वर्गात टाकायला हवं होतं, ती चूक माझीच. फाटकासमोर चिंचेखाली दुकानदाराची पोरं मोबाईल धरून उभी, बंदोबस्ताला एक होमगार्ड, तोही त्यांच्याकडूनच तंबाखू घेतोय.

पहिल्या साठेक जणी फटाफट झाल्या. मग एक बाई फाटकाकडे बघत म्हणाली, माझी न्हाय. झालं! मागच्या सहा-सात जणी लागोपाठ न्हाय, न्हाय. मग एक म्हातारी आली ती मोठ्यांदा, "माझीच हाय, लिवा!" आणि गंमत म्हणजे तिच्यामागच्या चौघी-पाचजणी पण माझीच म्हणाल्या. नंतर पुन्हा गळती.

एक बाई डोक्यातून जात नाही. साक्षरता वर्गात शिकलेली असावी, अक्षरं सुटी सुटी, वर रेघच नाही, म काढताना पेन दोनदा उचलायची. नमुन्याला सही घेतली, तीही तशीच बिनरेघेची. आणि मान खाली घालून म्हणाली, निवेदनावरची माझी न्हाय.

शेवटी भरल्या 149. चार कमी, प्रस्ताव बारगळला.

मी दुकानदाराला शिव्या घालत निघालो होतो, तर गाडीपाशी बचत गटातली एक बाई हळूच म्हणाली, साहेब सह्या तरी कुठं मनानं केल्या होत्या, सही नसंल तर कर्जाला नाव नाही असं अध्यक्षीणबाईंनी बैठकीत सांगितलेलं. आता बोला. म्हणजे सही पण धाकाने आणि नकार पण धाकाने, मग बायकांना नक्की काय पाहिजे होतं ते मला आजही माहीत नाही. त्या म्हातारीला मात्र माहीत होतं, आणि पेरणीच्या तोंडावर तिच्या पोराला गावात एक ट्रॅक्टर मिळाला नाही असं पोलीस पाटलांनी फोनवर सांगितलं.

फाईल वर गेली. त्यात त्या दोन बिनरेघेच्या सह्या शेजारी शेजारी आहेत, हुबेहूब, आणि पुढे माझ्याच अक्षरात शेरा, 'सही नाकारली'.