साठी ओलांडलेलं रॉक

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. इंदूरच्या 'सानंद' या मराठी संस्थेच्या कार्यक्रमातून बाहेर पडताना ओळखीची माणसं विचारतात, घरी भाचेमंडळी विचारतात: "मावशी, रॉक म्हणजे तरुण पोरांचं संगीत. 'इंडियन ओशन' या बँडचे राहुल राम साठी ओलांडून गेले, बँडमधली निम्मी माणसं बदलली, तरी तू अजून तेच ऐकतेस? पहिली आग उरलीय का त्यांच्यात?"

उरली आहे. पण मला आता त्यांच्या वाजवण्यात जे ऐकू येतं, ते तरुणपणी त्यांच्यापाशी नव्हतं आणि असणं शक्यही नव्हतं.

खरं तर हा प्रश्न इंदूरकरांना पडावा याचंच मला नवल वाटतं. हे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँचं गाव. झूमरा तालाच्या अतिविलंबित लयीत समेची वाट बघण्यातलं सुख त्यांनी दाखवलं. तासाभरावर देवास. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेलं असताना कुमार गंधर्वांनी तिथे माळव्याची लोकगीतं आणि निर्गुणी भजनं कानांत साठवली, आणि लांब श्वास पुरत नाही तर छोट्या, तेजस्वी स्वरसमूहांतून आपली गायकी उभी केली. गवयाचं वय वाढलं की आपण म्हणतो गाणं पिकलं. गिटार वाजवणाऱ्याचं वय वाढलं की म्हणतो, संपला. हा भेद मला मान्य नाही.

फरक आहे तो दुसराच. गवई एकटा म्हातारा होतो. बँडला सगळ्यांनी मिळून म्हातारं व्हावं लागतं, आणि ते फार अवघड आहे. १९९० मध्ये दिल्लीत सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी हा बँड सुरू केला. पुढे बेस गिटार घेऊन राहुल राम आले, ड्रम्सवर अमित किलम आले. सुस्मितची गिटार एकेका सुराने रागासारखी पुढे सरकायची. अशीम मांडी घालून तबला वाजवायचे आणि वाजवता वाजवता गायचे. २५ डिसेंबर २००९ ला ते गेले. त्यांची जागा भरायला दोन माणसं लागली: गाण्यासाठी हिमांशु जोशी, तबल्यासाठी तुहीन चक्रवर्ती. अशीम काय होते हे मला कुठल्याही श्रद्धांजलीपेक्षा या एका गोष्टीवरून जास्त कळतं. त्यांचा आवाज असलेला शेवटचा अल्बम २०१० मध्ये आला, '१६/३३० खजूर रोड'. ज्या जुन्या बंगल्यात इतकी वर्षं सराव केला त्याचाच हा पत्ता. गाणी त्यांनी एकेक करत इंटरनेटवर फुकट देऊन टाकली.

२०१३ मध्ये सुस्मितही बाहेर पडले. त्यांच्या जागी निखिल राव आले, ते सुस्मितचेच शिष्य. आपल्याकडे तानपुऱ्यावर मागे बसलेला शिष्य एक दिवस पुढे येऊन गातो, तसं एका रॉक बँडमध्ये घडलं, याचं मला फार अप्रूप आहे.

त्यानंतरचं सगळंच मला सारखं आवडतं असं नाही. २०१४ च्या 'तंदानू'त प्रत्येक गाण्यात एक पाहुणा कलाकार आहे. शुभा मुद्गल आहेत, विश्वमोहन भट्ट आहेत, शंकर महादेवन आहेत. काही ठिकाणी पाहुण्याला बसायला देताना यजमान उभाच राहिला, असं मला वाटतं. पण दोन तपं वाजवून झाल्यावर, हातची दोन माणसं गमावल्यावर, आपल्याच अल्बममध्ये दुसऱ्याला मोकळी जागा द्यायला मन मोठं लागतं. विशीत मला माझा सूर ऐकवायचा असतो.

आता 'मा रेवा'बद्दल, कारण माझं खरं उत्तर तिथे आहे. राहुल राम नर्मदेवरच्या मोठ्या धरणांविरुद्धच्या नर्मदा बचाव आंदोलनात होते. खोऱ्यातलं हे लोकगीत बँडने २००० च्या 'कंदिसा'त घेतलं. रेवा म्हणजे नर्मदाच. रेवामाई, तुझं पाणी निर्मळ, ते खळखळ वाहत जातं, एवढंच सांगणारं गाणं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं बांधकाम पुढे न्यायला परवानगी दिली. मी तेव्हा ते गाणं बेससाठी ऐकायचे, ताल धरायचे, नाचायचेसुद्धा.

आमच्या घरी नळाला येतं ते नर्मदेचंच पाणी, जलूदहून पंपांनी विंध्य चढून इंदुरात आलेलं. २०१९ च्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं आणि धार जिल्ह्यातल्या निसरपूरसारख्या भरल्या गावात पाणी शिरलं. गाण्यातली नदी खळखळ वाहते. खाली बडवानीच्या बाजूला मात्र ती आता तलावासारखी पसरलेली असते. गाण्याचा एक शब्द बदललेला नाही, चालही तीच. पण जो माणूस तरुणपणी त्या खोऱ्यात लोकांबरोबर चालला, तोच आज पांढऱ्या केसांनी ते पाणी निर्मळ म्हणून गातो, तेव्हा मला त्या एका शब्दात सगळी बुडालेली घरं ऐकू येतात. हे सरावाने येत नाही, आवाज चढवूनही येत नाही. त्यासाठी तेच गाणं घेऊन वर्षानुवर्षं जगावं लागतं, आणि ते या माणसांनी केलं आहे. म्हणून मी अजून ऐकते.

आणि आगीचं विचारत होतात ना, अमित किलमचे ड्रम्स पडद्यावर नाही, समोर बसून ऐका. पुढच्या वेळी बँड इंदूरला आला की माझ्याबरोबर चला, तिकिटं मी काढते.