चावरा झाला म्हणून आणलेला ससा

आमच्या दवाखान्यात कुत्री-मांजरं जास्त, ससे त्यामानाने कमी येतात, आणि ससा आला की बहुतेकदा उशिराच आलेला असतो. ही केस पण तशीच. एक बाई आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी ससा घेऊन आल्या, आणि बाईंनी टेबलावर पिंजरा ठेवता ठेवताच सांगून टाकलं, "डॉक्टर, हा आता घरात ठेवण्यासारखा राहिला नाही. आधी स्वतःहून येऊन अंगाला अंग लावून बसायचा, आता हात नेला की गुरगुरतो, हिच्या बोटाला तर असा चावला की रक्त आलं. कुणाला तरी देऊन टाकायचं ठरवलंय, फक्त त्याआधी तुम्ही एकदा बघा."

गोटू नाव त्याचं. वय चार वर्षं, लहानपणीच न्यूटर, म्हणजे नसबंदी, केलेला. मला पहिला खटका इथेच बसला, कारण चार-सहा महिन्यांचा ससा वयात येताना चावायला, गुरगुरायला, जिकडेतिकडे मुतायला लागला तर त्यात हार्मोन्सचा भाग असतो आणि न्यूटर केल्यावर ते बरंचसं कमी होतं. पण चार वर्षांचा, न्यूटर झालेला, आजवर शांत असलेला ससा काही आठवड्यांत अचानक बदलतो तेव्हा त्याचा स्वभाव बिघडला असं मी तरी आधी धरत नाही, दुखणं शोधायला घेते.

मी विचारलं, नेमकं केव्हा चावतो? बाई म्हणाल्या कधीही. मुलगी हळूच म्हणाली, "कधीही नाही. पाठीवर हात फिरवला तर काही करत नाही, गालाला लागला की चावतो."

मग मी तिलाच विचारत बसले, कारण घरात त्याच्याकडे नीट लक्ष होतं ते तिचंच. तिने सांगितलं की अजूनही वाटीचा आवाज झाला की तो पळत येतो, तोंडात घास घेतो, दोनदा चावल्यासारखं करतो आणि टाकून देतो. सुकं गवत तर कधीचं सोडलंय, पेलेट्स, म्हणजे सशांचं तयार दाणेदार खाणं, आणि मऊ काही असेल तेवढंच चघळतो. आणि मागच्या बाजूला लेंड्या चिकटून राहतात, त्यावरून घरात त्याला बोलणी पण बसत होती, घाणेरडा झालाय म्हणून. आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो, एक कोरड्या गोल आणि दुसऱ्या मऊ, घोसासारख्या, आणि या मऊ लेंड्या तो स्वतः थेट तोंडाने घेऊन खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. त्या अंगाला चिकटून राहिल्या म्हणजे तो त्या खात नाहीये, मग एकतर वाकता येत नसणार, वजन जास्त असणार, आहारात काही चुकत असणार नाहीतर तोंड दुखत असणार. म्हणजे घरच्यांनी तीन वेगळ्या तक्रारी मानल्या होत्या, चावरा, नखरेल आणि घाणेरडा, आणि मला तिन्हींच्या मागे एकच कारण दिसायला लागलं होतं.

वजन केलं तर मागच्या नोंदीपेक्षा २०० ग्रॅम कमी. दोन किलोच्या सशात २०० ग्रॅम म्हणजे दहा टक्के, ही फार मोठी घट आहे. हनुवटीखाली हात लावला तर केस ओले, पुढच्या पंज्यांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून गुठळ्या झालेल्या, लाळ पुसून पुसून. बाहेरून जबड्यावर बोट फिरवत गेले आणि डावीकडे आल्यावर त्याने डोळे बारीक केले, कान मागे घेतले आणि दात करकरा वाजवले. ससा खुशीत असतानाही दात हलकेच वाजवतो पण हा आवाज वेगळा असतो, मोठा आणि खरखरीत, एकदा ऐकला की विसरत नाही.

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे आणि दाढा दोन्ही, आणि दाढा झिजायला हवं तंतुमय गवत, तासन्‌तास चघळलेलं. नीट झिजल्या नाहीत की कडेला टोकं येतात, खालच्या दाढांची आत जिभेकडे आणि वरच्यांची बाहेर गालाकडे. पुढचे दात दिसायला एकदम छान असू शकतात, गोटूचे होतेच, त्यामुळे घरी बघून कळायचा प्रश्नच नाही. सशाचं तोंड उघडतंही इतकं थोडं की दाढा बघायला मी कान तपासायचा ऑटोस्कोप आत घालते. खाली डावीकडे एक टोक दिसलं आणि त्याच्या बाजूला जिभेवर लालभडक जखम.

त्याची आतडी पण मंदावली होती, आणि सशात हे घाईचं असतं, अर्धा दिवस पूर्ण उपाशी राहिला तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी वेदनाशामक, सलाईन, सिरिंजने पातळ खाणं, आणि तो जरा सावरल्यावर भूल. बाईंनी विचारलं रात्रीपासून उपाशी ठेवायचं ना, तर नाही, सशाला उलटी होतच नाही, कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवलं तर उलट आतडी बंद पडायची भीती. भुलेत तोंड नीट उघडल्यावर कळलं की वरच्या दाढेचं दुसरं टोक थेट गालात रुतलेलं होतं. मुलीचा हात लागत होता तो बरोब्बर त्याच जागी.

टोकं बारीक बर, म्हणजे दात घासायचं फिरणारं हत्यार, लावून घासून काढली, कटरने तोडत नाही कारण दाढ चिरू शकते. मुळं बघायला एक्सरे काढला, ती सुदैवाने ठीक होती. संध्याकाळी बारक्या बारक्या लेंड्या पडल्या तेव्हा आमच्या स्टाफला जो आनंद झाला तो सशांबरोबर काम करणाऱ्यांनाच कळेल.

तपासणीला परत आले तेव्हा वजन चढायला लागलं होतं आणि मुलीने सगळ्यांदेखत त्याचा गाल खाजवून दाखवला, तो डोळे मिटून बसून राहिला. देऊन टाकायचा विषय कुणी काढला नाही. मी त्यांना सांगितलंय की गवत भरपूर, पेलेट्स मोजून, आणि दर काही आठवड्यांनी दाढा दाखवायला यायचं, कारण एकदा टोकं आली की पुन्हा येऊ शकतात. नाकासमोरून एकदम हात न्यायचा नाही हेही सांगितलं, सशाला नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही त्यामुळे तो दचकतो. उचलून घेतलेलं मात्र गोटूला अजूनही आवडत नाही, लाथा झाडतो, पण ते दुखणं नाही, बहुतेक सशांना आवडत नाही, तेव्हा मुलगी आता जमिनीवर बसते आणि तो आपणहून येतो.