वेठ

हरेगावच्या पदयात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी राहुरी फॅक्टरीपासून आम्ही नगर-मनमाड रस्ता सोडला आणि देवळाली प्रवराच्या बाजूला वळलो. तोवर गाडा ओढणाऱ्या पोराच्या तळपायाचे फोड फुटले होते. गाडा म्हणजे सायकलची चाकं लावलेली हातगाडी. तिच्यावर मतमाउलीची म्हणजे येशूची आई मरियेची मूर्ती, निळं कापड, सुकत चाललेल्या झेंडूच्या माळा, भोंगा आणि भोंग्याची बॅटरी. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालत होतो. कोणाशी बोलायचं नव्हतं. पदयात्रेच्या पुढाऱ्यानं मागे वळून पाहिलं आणि नेमकं माझ्याकडे बोट केलं. "दादा, तुम्ही या. दोर धरा."

मला राग आला. खरंच आला. घरी अठरा वर्षं ओढतोच आहे, इथं तरी मोकळं चालू द्या, असं तोंडावर आलं होतं. पण पन्नास माणसं रस्त्यात थांबलेली. मी दोर खांद्यावर घेतला.

माझा धाकटा अठरा वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा रडला नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला, सेरेब्रल पाल्सी झाली. त्याला बसवावं लागतं, कुशीवर वळवावं लागतं, भात-वरण कालवून चमच्यानं भरवावं लागतं. रात्री झटका आला की त्याचं डोकं मांडीवर धरून बसायचं. हे मी आणि बायको वाटून करतो; खरं सांगायचं तर तिच्या वाट्याला जास्त येतं. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण काही ना काही सांगून जातो. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याची परीक्षा घेतो म्हणे. मला शिकवण्यासाठी माझ्या लेकराला अपंग करील असा देव मी मानत नाही. येशूनं असा देव दाखवला नाही. त्याच्याकडे आजारी माणसं आणली तेव्हा हे तुझ्या भल्यासाठी आहे असं सांगून त्यानं कोणाला परत पाठवलं नाही, हात लावून बरं केलं. मग माझ्या पोराचं काय, हा प्रश्न उरतोच. तोच घेऊन मी नगरहून निघालो होतो.

हरेगावची यात्रा सप्टेंबरात भरते, ८ सप्टेंबर या मरियेच्या जन्मदिनाच्या आसपास. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना असते. नगरपासून हरेगाव सत्तर किलोमीटरच्या वर. विळदचा घाट उतरलो की दोन्ही अंगांना बाजरीची कणसं भरलेली दिसतात, पुढे पाटपाण्याचा ऊस सुरू होतो. ढोलकी-झांजेवर भजनं चालू असतात, चाल अभंगाचीच. मध्येच भजन थांबतं आणि रोजरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना सुरू होते. पुढचे "नमो मरिया" म्हणतात, मागचे ती प्रार्थना पुरी करतात. चालण्याला ठेका मिळतो. रोजरीत येशूच्या आयुष्यातले प्रसंग आठवतात, त्यांना रहस्यं म्हणतात. दिवस शुक्रवारचा होता, म्हणून दुःखाची रहस्यं. चौथं रहस्य येशू क्रूस वाहतो, आणि तेव्हा दोर माझ्या खांद्यावर होता.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी आम्ही चर्चमध्ये क्रूसाची वाट करतो, येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या एकेका प्रसंगापाशी थांबून प्रार्थना. चौदा स्थानं. पाचव्या स्थानाशी कुरेनेचा शिमोन. शेतावरून येत होता, त्याचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. रोमी शिपायांनी त्याला धरलं आणि येशूचा क्रूस खांद्यावर दिला. आपल्या मराठी बायबलातल्या शुभवर्तमानात तिथं शब्द आहे 'वेठीस धरले'. लहानपणापासून ऐकलेला शब्द. त्या दिवशी तो माझ्या खांद्यावरच येऊन बसला.

कारण वेठ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजा महारकीची कामं करायचा. सरकारी अंमलदार आला की त्याचं सामान पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत वाहायचं, टपाल पोचवायचं, मेलेलं जनावर ओढायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली, पण आज्याच्या मानेजवळचा घट्टा मरेपर्यंत गेला नाही. मी लहान असताना त्यावरून बोट फिरवायचो. म्हणून वेठ पवित्र असते असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. शिपायांनी शिमोनावर केली ती जबरदस्तीच होती. शुभवर्तमानात कुठंही तिला चांगलं म्हटलेलं नाही.

पण त्या जबरदस्तीत तो येशूच्या मागे चालला. सगळे शिष्य पांगले होते, पेत्र तर आदल्या रात्रीच ओळख नाकारून बसला होता. त्या रस्त्यावर क्रूसाला खांदा लावायला तेवढा एक परका माणूस होता, त्यानं मागूनही घेतलं नव्हतं. येशूची पाठ, तिच्यावरचे वळ त्यानं हातभर अंतरावरून पाहिले असतील. शुभवर्तमान लिहिणारा मार्क त्याची ओळख देतो ती आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप म्हणून. म्हणजे ती पोरं पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या ओळखीची होती. पुढे प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहितो, त्यात एका रूफाला आणि त्याच्या आईला सलाम सांगतो, ती मलाही आईसारखी म्हणतो. पुष्कळ जण तो हाच रूफ मानतात. मीही मानतो. बाप वेठीस धरला गेला आणि त्याचं घर ख्रिस्ताचं झालं.

गाडा ओढताना मला माझा प्रश्न वेगळा ऐकू आला. का दिलंस, हे मी अठरा वर्षं विचारत होतो. तू कुठं आहेस, हे मी कधी विचारलंच नव्हतं. रात्री दोनला झटका उतरल्यावर पोर घामानं भिजून माझ्या छातीशी निपचित पडतं, तेव्हा येशू त्या खोलीत आमच्या पुढे चाललेला आहे, हे मला देवळाली ओलांडताना पहिल्यांदा पटलं. रडू आलं. दोर हातात होता, डोळे पुसता येईनात.

मुक्कामाला एका मावशीनं माझा पाय मांडीवर घेतला. सुईत पांढरा दोरा ओवला, फोडाच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काढला आणि दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून तोडला. "दोरा काढू नको बाळा. पाणी त्यातनं झिरपतं, कातडी सुटत नाही." बहात्तरच्या दुष्काळात त्या बारक्या असताना आईबरोबर खडी फोडायला जायच्या. माझ्या खांद्याकडे बघून म्हणाल्या, "उद्या दुसऱ्याला दे."

मी दिला नाही. प्रवरेचा पूल, श्रीरामपूर, सगळं दोर धरून चाललो.

बायको मुलाला घेऊन जीपनं हरेगावला आली होती. रात्री पाऊस झालेला, मैदानात चिखल, त्यात पाळणे, रेवडीची दुकानं आणि माणसांचा पूर. नवस फेडायला हिंदू बायाही तितक्याच आलेल्या. चाकाची खुर्ची दहा पावलांवर रुतली. मी त्याला उचललं. अडतीस किलो. दोरानं सोलवटलेल्या जागीच त्यानं हनुवटी टेकली. लाळ त्यावर उतरली तशी आग झाली, मी खांदा बदलला नाही. सुई-दोऱ्याच्या मावशी कुठून तरी आल्या आणि दोन्ही हात पसरून पुढे चालू लागल्या. "वाट द्या, पोराला वाट द्या."

मेणबत्त्यांचा उजेड तोंडावर आला तसा त्यानं माझा कान मुठीत धरला.