झाकायचंच होतं तर

आई सहज म्हणाल्या. म्हणजे खरंच सहज, हातात कैरीचा कीस, डाळीच्या फोडणीसाठी मोहरीचा डबा शोधत होत्या आणि टेबलावर वाळत ठेवलेल्या माझ्या कोलाजच्या पॅनेलकडे एकदा बघून म्हणाल्या, "झाकायचंच होतं तर काढलंस कशाला?" आणि डबा सापडला तशा आत गेल्या.

दुपारपासून तेच डोक्यात फिरतंय. त्या टोचून बोलल्या नाहीत, त्यांचा तो स्वभावच नाही. पण टोचलं हे खरं. आत्ता साडेदहा वाजलेत, अहो झोपलेत, आणि मी त्या पॅनेलसमोर बसून हे लिहितेय.

काय झाकलंय ते आधी नीट लिहून काढते, म्हणजे निदान मला तरी कळेल.

सगळ्यात खाली पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला जाड कागद. तिथे १९४० पासून सुती चिंध्यांच्या लगद्यातून कागद बनतोय, आणि त्याच्या त्या वेड्यावाकड्या कडा मला इतक्या आवडतात की मी त्या कधी कापून सरळ करत नाही. हा कागद पाणी घटाघटा पितो, म्हणून आधी जेसोचा, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचा, एक हात. तो वाळला की मागच्या वर्षीच्या पंचांगातलं चैत्राचं पान, तेही आईंनीच दिलेलं, फाडून तुकड्या-तुकड्यांत चिकटवलं. कात्रीने कापलं की कड धारदार येते आणि ती वरच्या थरातूनही उठून दिसते, हाताने फाडलं की कड विरते. तिथी-नक्षत्रांचे बारीक आकडे, घटका, पळं, सगळं तिरपं-उलटं. मग त्यावर टिश्यू.

टिश्यूवरच तर सगळा प्रश्न आहे.

या वर्षी आईंना खाली बसता येत नाही. गुडघ्यांचं सगळ्यांना माहितीच आहे. त्यामुळे चैत्रांगण, ती चैत्रात दारासमोर काढायची रांगोळी, नाही. तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली, पन्हं झालं, भिजवलेले हरभरे झाले, पण दारात गेरूच्या फरशीवर नुसती चार बोटांची पावलं आणि एक स्वस्तिक, तेही मी काढलेलं. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी मीच म्हटलं की तुम्ही खुर्चीत बसा, सांगा, मी काढते, रांगोळीने नाही, पेनाने, कागदावर. म्हणाल्या, कागदावर कसलं चैत्रांगण. पण बसल्या. आणि एकदा सुरू झाल्यावर मग थांबल्याच नाहीत. मधे गौर, झोपाळ्यात. वर तोरण. इकडे सूर्य, तिकडे चंद्र. शंख, चक्र, गदा, पद्म. गोपद्मं. तुळस. नाग. फणी-करंडा. आंबा. हत्ती. मी कासव काढलं तर म्हणाल्या, मान आत का घेतलीस, बाहेर काढ, ते चालतंय ना. मी परत काढलं. किती वर्षं त्या हे उंबऱ्याबाहेर वाकून काढत होत्या आणि मी मागून ये-जा करत होते, पाऊल पडू नये म्हणून कडेकडेने, पण कासवाची मान बाहेर असते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तर ते सगळं पातळ पांढऱ्या टिश्यूवर, वॉटरप्रूफ काळ्या पेनाने. टिश्यू मॅट मीडियमने (चमक नसलेला पातळ चिकटद्रव) चिकटवला की एक गंमत होते, ओला होता होता त्याचा पांढरेपणा नाहीसा होतो आणि नुसती रेघ उरते. जणू पंचांगाच्या पानावरच काढलंय. ब्रश मात्र अगदी हलका फिरवावा लागतो, मधून कडेला, नाहीतर टिश्यू ओढला जातो आणि सुरकुती पडते. एक सुरकुती पडली, नागाच्या शेपटीपाशी, ती मी राहू दिली. त्या क्षणी ते इतकं सुंदर दिसत होतं की मी आईंना हाक मारून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

आणि मग मी त्यावर पुढचे थर दिले. कारण ते द्यायचेच होते, ते पॅनेल वसंताचं होतं, चैत्रांगणाचं नव्हतं, हे माझ्या डोक्यात पहिल्यापासून पक्कं होतं. त्यांच्या डोक्यात नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं होतं का? सांगितलं असेल. आठवत नाही.

हळदीच्या पाण्याचा वॉश. (हळद उन्हात उडते, म्हणून हे पॅनेल खिडकीसमोर लावायचं नाही, आणि साबणाचा हात लागला तर लाल होते, ती वेगळीच कटकट. पण तो पिवळा ट्यूबमधून येत नाही. चैत्रातल्या दुपारचा तो पिवळा फक्त हळदीतच आहे.) मग स्टेन्सिलमधून उठाव देणारी मॉडेलिंग पेस्ट, जुन्या वाड्याच्या खिडकीच्या जाळीसारखी, चाकूने अगदी पातळ ओढलेली. ती रात्रभर वाळू दिली, हेअर ड्रायरने घाई केली की बुडबुडे येतात. मग तपकिरी शाई फडक्याने घासली की खाचांमधे बसते आणि उंचवट्यावरून निघून जाते. मग कोरड्या ब्रशवर नखभर जेसो घेऊन, अर्धा टिश्यू पेपरवर पुसून, वरच्या वर फिरवला. मग काही ठिकाणी सँड पेपर. त्यात सूर्य परत वर आला आणि चंद्र अर्धा गेला. आणि मग पळस.

पळस वरून खाली लोंबणारा नाही, डावीकडून आडवा येणारा. फांदीला सुतळी पिळून फेविकॉलमधे बुडवून वाळवली. फुलं क्रेप कागदाची. एका फुलाला मागची मोठी पाकळी, बाजूचे दोन पंख आणि चोचीसारखा वाकलेला पुढचा भाग, तो वाक क्रेप अंगठ्याने ताणूनच येतो, कापून येत नाही. खालचा पेला काळपट तपकिरी आणि मखमली, त्यासाठी जुन्या ब्लाउजच्या बाहीचं मखमल कापलं. आणि पाकळीच्या बाहेरच्या बाजूला बारीक चंदेरी लव असते, ती लोक विसरतात, म्हणून सगळे कागदी पळस प्लॅस्टिकचे वाटतात. कोरड्या ब्रशने पांढऱ्याचा नुसता भास द्यायचा की फूल जिवंत होतं.

फुलांचा सगळ्यात दाट घोस कुठे आला, तर बरोबर मधे. गौरीवर.

मुद्दाम नाही. फांदी आडवी येते, नजर मधे थांबायला हवी, रंगाचा भार तिथेच लागतो. हे मला हात सांगतात, मी ठरवत नाही. पण आईंनी पाहिलं तेव्हा गौर नव्हती, कासव नव्हतं, हत्तीची नुसती पाठ होती आणि वर भंडारा जिल्ह्याकडचा पळस होता.

हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. खाली त्यांचं अंगण आणि वर माझं माहेर.

माझ्याकडे, म्हणजे तिकडे, चैत्रांगण नव्हतं. होळीच्या आधी सगळं जंगल पेटल्यासारखं व्हायचं आणि आम्ही पोरं फुलं गोळा करून आणायचो, मोठ्या पातेल्यात उकळून रंग. कपड्यांवरून जायचा, नखांमधून जायचा नाही. आता तिथे कोणी... असो. तो विषय आज नको.

आईंना हे दिसलं असेल का? मला नाही वाटत. त्या असा विचार करत नाहीत, त्यांना कासव दिसलं नाही म्हणून त्या विचारत होत्या. पण मला आता तेच दिसतंय आणि ते पुसता येत नाहीये. इतकी वर्षं या घरात राहून मी वसंत करायला बसले की हात पळसच करतात. बहावा नाही, चाफा नाही, मोगरा नाही. दरवर्षी पळस.

मला वाईट कशाचं वाटलं, तर थोडं हेही वाटलं की खालचं कोणालाच दिसत नाही. फोटो टाकला की सगळ्यांचं एकच, फुलं किती खरी! लेकीने लाल हार्ट पाठवलं. जाऊबाईंनी विचारलं विकणार का. अहो म्हणाले झकास, आणि पेपर उलटला. पाच-सहा थर, मनगट दुखतंय ते वेगळंच, आणि एकजण विचारत नाही की मागे ते काय आहे. ज्या एका माणसाने विचारलं त्या आई. मागे काय होतं हे माहीत असलेलं एकमेव माणूस. आणि मी दुपारपासून त्यांच्याच बोलण्यावर रडवेली झालेय. हे बरोबर नाही.

मेरी डेलनी नावाच्या एका इंग्लिश बाईंबद्दल मी मागे वाचलं होतं, त्या मला अधूनमधून आठवतात. १७७२ मधे, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी कागदाची फुलं करायला घेतली. एकेका फुलासाठी रंगीत कागदाचे शेकडो बारीक तुकडे, एकावर एक. नजर जाईपर्यंत, पुढची दहा वर्षं. आज ब्रिटिश म्युझियममधे त्यातली ९८५ आहेत. आणि मागे काय, तर सपाट काळा. नुसता काळा रंग दिलेला कागद. आज मनात आलं, बाईंनी बरोबर केलं, काहीच झाकायचा प्रश्न नाही, जे आहे ते सगळं वर.

पण मला तसं नाही करता येणार. मी एकदा करून पाहिलंय, सपाट रंगीत कागदावर पळस. फुलं तीच, हात तोच. चिकटवल्यासारखी दिसली. पळसाला बाकीच्या फुलांसारखं पानांचं पाठबळ नसतं ना, फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं, फांद्या उघड्या असतात आणि मधल्या फटींमधून मागचं सगळं दिसतं. मग त्या फटींमधे काहीतरी असावं लागतं. धूळ, ऊन, भिंत, कोणीतरी काढलेलं काहीतरी. या पॅनेलमधे डाव्या फांदीच्या खालच्या फटीतून शंख दिसतो, अर्धाच, आणि त्याच्यावर पंचांगातलं 'रोहिणी' वाचता येतं. मी ते जमवलेलं नाही. ते खाली होतं म्हणून आलं. खाली काही नसतं तर तिथे नुसता पिवळा असता.

म्हणजे झाकायला काढलंच नव्हतं. फटींसाठी काढलं होतं. पण कुठे फट पडणार हे आधी कळत नाही, म्हणून सगळंच काढावं लागतं, कासवाच्या मानेसकट. हे उत्तर मला दुपारी सुचलं असतं तर मी काय, आईंना बोलले असते? फोडणी करपेल म्हणाल्या असत्या.

आणि तरी, त्यांच्या बाजूने पाहिलं तर. या वर्षी घरात एकच चैत्रांगण निघालं. तेही त्यांच्या तोंडून आणि माझ्या हातून. रांगोळी संध्याकाळी विस्कटली तरी त्यांना चालायचं, सकाळी परत काढायच्या, अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज. विस्कटण्याचं त्यांना काहीच नव्हतं कारण उद्याचा हात होता. या वर्षी तो नाही. हे मला आधी का नाही... जाऊ दे. पॅनेल चांगलं झालंय, ते मी बदलणार नाही. घोस काढला तर खालचा टिश्यू उखडून येईल, गौर काही वर येणार नाही, दोन्ही जातील.

हे लिहिता लिहिता मधेच उठून पाणी प्यायला गेले तर आईंच्या खोलीत दिवा. झोप नाही म्हणाल्या. मी बसले जरा पायाशी. पॅनेलचं मीच काढलं. शंख दिसतो म्हटलं, फटीतून. "पाहिला," म्हणाल्या, "कासव नाही दिसत." मग म्हटलं, दुसरं करूया, अक्षय्य तृतीयेच्या आत, पण या वेळी तुम्ही काढायचं. खाली नाही, टेबलावर, खुर्चीत बसून, आणि सगळ्यात शेवटी, सगळे थर झाल्यावर, वरती, पांढऱ्या पेनाने. मी मागचं करून देते. म्हणाल्या, हात थरथरतो गं. म्हटलं अ‍ॅक्रिलिक मार्कर जाड टोकाचा आणते, अप्पा बळवंत चौकात मिळतो, त्याला थरथर कळत नाही, आणि कळली तरी राहू दे.

थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग एकदम कामाचं विचारलं, कागद केवढा. दीड फूट, मी म्हटलं. लहान होतो, म्हणाल्या, हत्ती बसायचा नाही. दोन फूट घे. आणि मागे तो पिवळाच कर, बरा दिसतो. पळसही घाल हवा तर, कडेला. पण गौरीवर काही चिकटवायचं नाही.

नाही चिकटवणार, मी म्हटलं. झोपाळ्याच्या दोऱ्या मात्र फुलांच्या खालून जातील, नाहीतर झोपाळा टांगायचा कशाला.

बघू म्हणाल्या. आधी कागद आण.