बांधाच्या टोकाशी, ब्रॅडवेलचं सेंट पीटर चॅपल

आई ऑक्टोबरात लंडनला आली तेव्हा तिला राजवाडे दाखवायचे की संग्रहालयं, हा प्रश्न होता. दोन दिवसांतच ती गर्दीला कंटाळली. "एखादं शांत देऊळ असेल तर ने," म्हणाली. म्हणून मी तिला एसेक्सच्या किनाऱ्यावर, ब्रॅडवेल-ऑन-सी गावाबाहेरच्या सेंट पीटर-ऑन-द-वॉल या चॅपलला घेऊन गेलो. मी स्वतः तिथं तिसऱ्यांदा जात होतो, पण या खेपेला जे दिसलं ते आधीच्या दोन्ही वेळा दिसलं नव्हतं.

आधी जायचं कसं ते सांगतो. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनातून विकफर्डला जायचं आणि तिथं गाडी बदलून साउथमिन्स्टर गाठायचं. ते त्या फाट्याचं शेवटचं स्टेशन. बदली नीट जुळली तर दीड तासाच्या आत पोचता. तिथून ब्रॅडवेल दहा-बारा किलोमीटर. बस आहेत, पण मोजक्या, आणि रविवारच्या भरवशावर तर अजिबात निघू नका. आदल्या दिवशी फोन करून टॅक्सी ठरवा, आणि जातानाच परतीची वेळही पक्की करून घ्या. आम्ही परतीचं "बघू नंतर" म्हणून सोडून दिलं. चॅपलपाशी फोनची रेंज येत-जात होती, त्यामुळे संध्याकाळी गावापर्यंत चालत येऊन मग टॅक्सी मिळवावी लागली. मला त्याचं काही वाटलं नाही, पण सत्तरीतल्या माणसाला अंधारात तीनेक किलोमीटर चालायला लावलं याचं वाईट वाटलं. स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही. गावातून पूर्वेला जाणारा रस्ता जिथं संपतो तिथं गाड्या लावायची जागा आहे.

तिथून पुढं चालतच जायचं, जेमतेम पाऊण किलोमीटर. दोन्ही बाजूंना सपाट शेतं. पाऊस पडून गेला असेल तर इथली चिकणमाती बुटाच्या तळाला अशी चिकटते की पाय उचलेना. जाड तळाचे बूट घाला. साडी नेसणाऱ्या कुणाला नेत असाल तर साडी घोट्याच्या वरच राहील असं बघा. वाऱ्याला आडोसा नाही. कानटोपी हवीच.

आणि मग त्या सपाट रानात, एकदम आभाळाला टेकलेलं असं, चॅपल दिसतं. उंच, अरुंद, दगडी. कळस नाही, मनोरा नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते धान्याचं कोठारच वाटेल, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण ही वास्तू कित्येक पिढ्या कोठारच होती.

हकीकत अशी. रोमन लोकांनी तिसऱ्या शतकात इथं समुद्राकडून येणाऱ्या धाडी अडवायला ओथोना नावाचा किल्ला बांधला. रोमन गेले, किल्ला ओस पडला. पुढं 653 मध्ये या भागातल्या पूर्व सॅक्सन लोकांचा राजा सिगेबर्ट यानं ख्रिस्ती धर्म घेतला आणि शिकवायला कुणीतरी पाठवा असा निरोप उत्तरेला धाडला. तिकडच्या लिंडिसफार्न बेटावर तयार झालेला केड नावाचा मठवासी आला. 654 च्या सुमारास त्यानं पडक्या किल्ल्याचेच दगड आणि विटा घेऊन, किल्ल्याच्या वेशीच्या जागी, भिंतीवरच हे देऊळ उभं केलं. म्हणून नाव ऑन-द-वॉल, भिंतीवरचं. आपल्याकडं बदामीच्या चालुक्यांचा अंमल होता तो हा काळ.

हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते बीड नावाच्या मठवाशानं 731 मध्ये पुरा केलेल्या इतिहासामुळं. राजा सिगेबर्टला त्याच्याच नातलगांनी मारलं, आणि का मारलं असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की हा शत्रूंना फार सहज माफ करतो म्हणून. हेही बीडनंच नोंदवलंय. आईला मी हे चालता चालता सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

चॅपलला पोचल्यावर लगेच आत जाऊ नका. माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच. बहुतेक लोक दार ढकलतात, दोन फोटो काढतात आणि पाच मिनिटांत परत फिरतात. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. भिंतीत राखी-पिवळट दगडांच्या मध्ये मध्ये पातळ, चपट्या, लाल विटा दिसतील. त्या रोमनांच्या. हात लावून बघा, कडा अजून धारदार आहेत. पूर्वेच्या बाजूला जिथं भिंत सरळ बंद झालीय, तिथं कोपऱ्यांशी वळत गेलेल्या भिंतीचे तुटके अवशेष दिसतील. मूळ इमारत तिथं संपत नव्हती, पुढं अर्धगोल गाभारा होता. आज तो नाही. आत गेलात की त्याच भिंतीत बुजवलेल्या कमानींच्या खुणाही ओळखू येतात.

आता दोन्ही लांब भिंतींच्या मधोमध बघा. एक मोठा चौकोन वेगळ्या दगडांनी भरून काढलेला स्पष्ट दिसतो. सतराव्या शतकापासून देवळाचं कोठार झालं, तेव्हा धान्यानं लादलेल्या गाड्या आत घेता याव्यात म्हणून ही भगदाडं पाडली होती. एका बाजूनं गाडी आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. 1920 मध्ये दुरुस्ती झाली, भगदाडं बुजवली आणि 22 जून 1920 ला इथं पुन्हा प्रार्थना सुरू झाली. बुजवताना ती लपवली नाहीत हे मला फार आवडतं. माझं ठाम मत आहे, की हे देऊळ श्रद्धेनं जितकं तगलं तितकंच त्या धान्यानं तगलं. उपयोगाचं होतं म्हणून कुणी त्याचे दगड काढून नेले नाहीत. किल्ल्याचे गेले, गाभाऱ्याचे गेले, कोठार मात्र राहिलं. त्या भगदाडांकडं विद्रूप डाग म्हणून बघू नका.

आत जवळजवळ काही नाही. साधारण पंधरा मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद खोली, उंचावर लहान खिडक्या, लाकडी छप्पर, बसायला बाकं, समोर दगडी वेदी आणि वर टांगलेला क्रूस. वेदीत तीन ठिकाणचे दगड बसवलेत, ते वाकून बघा. एक लिंडिसफार्नचा, जिथून केड आला. एक आयोना बेटाचा, जिथून लिंडिसफार्नच्या मठाची परंपरा निघाली. तिसरा यॉर्कशरमधल्या लास्टिंगहॅमचा. तिथल्या मठात 664 मध्ये केड साथीच्या रोगानं गेला. ती बातमी इकडं आली तेव्हा त्याच्या पूर्व सॅक्सनांकडच्या मठातली तीसेक माणसं, जगायचं तर त्याच्या समाधीजवळ आणि मरायचं तर तिथंच, असं ठरवून उत्तरेला गेली. तीही त्याच साथीत गेली. एक लहान मुलगा तेवढा वाचला, असं बीडनं लिहिलंय.

आई बाकावर बसली. चपला काढून बसली, थंडी होती तरी. "इथं रोज दिवा लावतात का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, रोजचं माहीत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये रविवारी संध्याकाळी प्रार्थना असते, आणि जुलैच्या पहिल्या शनिवारी यात्रा भरते, लोक चालत येतात. "म्हणजे वारी," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. आम्ही अर्धा तास तरी बसलो. आत वाऱ्याचा आवाज वेगळा येतो, दबलेला, दूरच्या लाटेसारखा.

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती मात्र बाहेर घडली. चॅपलमागे थोडं चाललं की मातीचा उंच बांध लागतो, समुद्र अडवणारा. आईचं माहेर पेणजवळचं, खारीच्या शेतीतलं. बांधावर चढली, एकदा या बाजूला बघितलं, एकदा त्या बाजूला, आणि म्हणाली, "अरे, हा तर आमचा खारबांध!" बाहेर खाजण, आत गोड्या पाण्याची शेती, मध्ये मातीची रेघ. लगेच तिचा पुढचा प्रश्न, "उघाडी कुठंय?" भरतीचं पाणी बाहेर ठेवणारी आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडणारी झडप. आम्ही शोधत निघालो. आतल्या बाजूनं लांबच लांब चर होता, पाण्यानं भरलेला. तिनं त्याचा उतार बघितला, मातीचा एक गोळा उचलून बोटांनी चुरला आणि म्हणाली, "खारी नाही, चांगली धरलीय." मी दोनदा या बांधावरून चाललो होतो आणि मला फक्त देखावा दिसला होता.

बांधापलीकडं शिंपल्यांचा किनारा आहे, पावलाखाली कुरकुरणारा, तिसऱ्यांसारख्या लहान शिंपल्यांचा. वसंतात आणि उन्हाळ्यात पक्षी तिथं उघड्यावर अंडी घालतात, तेव्हा फलक असेल तिथून पुढं जाऊ नका. ऑक्टोबरपासून काळ्या मानेचे ब्रेंट हंस उत्तरेकडून येऊन उतरतात, त्यासाठी दुर्बीण जवळ असू द्या. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि चालत जावंसं वाटतं. जाऊ नका. पाय रुततात आणि सपाटीवर भरती भराभर चढते. भरतीची वेळ घरून बघूनच निघा.

वायव्येला दिसणारी मोठी चौकोनी इमारत म्हणजे 2002 मध्ये बंद झालेलं अणुवीज केंद्र. दमदार चालणाऱ्यांनी ब्रॅडवेल वॉटरसाइडहून त्याच्या बाजूनं बांधाबांधानं चॅपलला यावं, तासाभराहून थोडं जास्त लागतं. त्याहून उत्साही असाल तर चिपिंग ऑंगरहून निघणारी सुमारे 65 किलोमीटरची सेंट पीटर्स वे ही पायवाट इथंच येऊन संपते.

चॅपलपाशी खाणं, पाणी, संडास यांची सोय धरू नका, सगळं गावातच उरकून या. तिकीट नाही, पण दानपेटीत काही टाका. हिवाळ्यात चारच्या आत परतीला लागा. आणि निघताना दार घट्ट ओढून घ्या, तिथला वारा ते पुन्हा उघडतो.